निळी चिठ्ठी

विकायचं हे ठरलं होतं. घोडं अडलं होतं ते कसं विकायचं इथे, आणि असं अडलं होतं की तीन महिने जागचं हललं नाही.

ज्यांचा हा माल, त्यांना गल्लीत सगळे रॉकेटकाका म्हणत. तसे ते कोपऱ्यावरच्या लाँड्रीचे काका. लाँड्री बंद होऊन चार वर्षं झाली, तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. पण चाळीस वर्षं या माणसाने लोकांचे कोट, पडदे आणि गणवेश सांभाळले, आणि उरला तेवढा जीव सगळा आकाशात टाकला. कुठे यान सुटलं की त्या दिवसाचा शिक्का मारलेली पाकिटं मागवायची. मोहिमांचे कापडी बिल्ले, अंतराळवीरांच्या सह्यांचे फोटो, यानात न्यायच्या जेवणाचं न फोडलेलं पाकीट, नियंत्रण कक्षातल्या कुणाच्या तरी टेबलावरचा पितळी पेपरवेट, काय म्हणाल ते. स्वतः काका आयुष्यात विमानातसुद्धा बसले नव्हते! आणि हे सगळं ठेवलेलं कुठे, तर चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत. पलंगाखाली, कपाटावर, आणि एक खोका तर थेट पिठाच्या डब्याशेजारी.

काकूंनी यातल्या एकाही वस्तूकडे कधी धड पाहिलं नाही. "तुमची ती वरची मंडळी," असं म्हणायच्या आणि झाडू मारायला लागायच्या. पण खोका उचलून परत ठेवताना इंचभर इकडचा तिकडे व्हायचा नाही, हेही खरं.

आता त्या झाडू मारत नव्हत्या. गुडघे गेले होते, दोन्ही. ऑपरेशन करावं तर हृदय साथ देणार नाही म्हणाले. इमारतीला लिफ्ट नाही. सात महिने झाले, काकू खाली उतरल्या नव्हत्या. शेवटच्या उतरल्या त्या दवाखान्यात जायला, चौघांनी खुर्चीत बसवून नेलं होतं. परत येताना जिन्यात लोक दारं उघडून बघत होते. काकूंनी तोंडावर रुमाल धरला. घरात आल्यावर म्हणाल्या, "पुन्हा असं मला उचलायचं नाही. मेल्यावर उचला."

अशात तळमजल्यावरची शिवणक्लासवाली म्हणाली की चार महिन्यांनी मी मागची खोली सोडणार. त्या खोलीला मागच्या अंगाला दार, दाराबाहेर फरशीचं अंगण, अंगणात नळ. उंबरा ओलांडला की माणूस बाहेर! काकांनी ही बातमी वर येऊन सांगितली तेव्हा काकूंनी निवडायचं ताट बाजूला ठेवलं. मग विचारलं, "कपडे वाळत घालायच्या दोऱ्या आहेत का हो तिथे अजून?"

"आहेत. चार."

"चार," काकू म्हणाल्या, आणि तेव्हापासून त्या खोलीत मनाने राहायलाच गेल्या. खाट कुठे लावायची, उन्हं कुठून येतील, सगळं ठरलं.

घरमालक भला माणूस. म्हणाला, "काका, क्लास सुटेपर्यंत तुमच्यासाठी थांबतो. त्या दिवशी हो किंवा नाही सांगा, मागे माणसं लागलीत." पण त्याचं डिपॉझिट काकांच्या कुवतीबाहेरचं होतं. काकांकडे विकण्यासारखी होती ती फक्त वरची मंडळी.

मग सुरू झालं भिजत घोंगडं. आधी काका गेले नाणी-तिकिटं विकणाऱ्या एका दुकानदाराकडे. त्याने पाकिटं बाजारातला पाला निवडावा तशी अंगठ्याने चाळली आणि म्हणाला, "सगळं मिळून एकदाच सांगा, रिक्षाने उचलून नेतो." काका तोंडात मारल्यासारखे घरी आले. मग संग्रहालय. तिथले साहेब फार गोड बोलले. पैसे द्यायची पद्धत नाही म्हणाले, पण भिंतीवर देणाऱ्याच्या नावाची पाटी लावू. काका दोन दिवस त्या पाटीच्या धुंदीत होते. तिसऱ्या दिवशी काकू म्हणाल्या, "मग काय, पाटीवर राहायला जायचं का आपण?"

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला. ती म्हणाली, "बाबा, एकेक वस्तू नेटवर टाकते, सावकाश जातील." टाकला एक बिल्ला. गेलाही. घेणाऱ्याने उलट लिहिलं की दोऱ्याचा रंग जरा वेगळा वाटतो, अस्सल आहे ना? झालं! काकांची आठ दिवस झोप उडाली. ज्याने कुणाचं बटणसुद्धा कधी बदललं नाही त्याला हे विचारायचं? नेट बंद. मुलीने फोनवर हात जोडले असतील.

खरं सांगायचं तर काकांना कुठलीच पद्धत पसंत पडायची नव्हती, कारण प्रत्येक पद्धतीच्या शेवटी खोके घराबाहेर जायचे. माणूस वाईट नव्हता हो. पण चार महिन्यांतले तीन त्याने असे घालवले, आणि काकू खिडकीत बसून समोरच्या इमारतीतल्या दोऱ्यांवर दुसऱ्यांचे कपडे मोजत राहिल्या.

शेवटी मुलीनेच फोनवर काढलेले फोटो एका लिलावाच्या कंपनीला पाठवले. तिथल्या जाणकार बाईंचा स्वतःहून फोन आला. म्हणाल्या, "काका, बाकीचं सामान चांगलं आहे, पण असं माझ्याकडे दर महिन्याला येतं. तो पॅराशूटचा तुकडा मात्र मी कधी पाहिला नव्हता. तो पुढे असेल तर त्याच्यामागे बाकीचंही नीट जाईल." आणि अंदाजे आकडा सांगितला. डिपॉझिट जाऊन वर उरत होतं! काकांनी तो दोनदा विचारून घेतला.

"फक्त एक करा," बाई म्हणाल्या. "त्याला काही करू नका. झटकूसुद्धा नका. आहे तसा घेऊन या."

काका हसले. "अहो बाई, चाळीस वर्षं लाँड्री चालवली. आयुष्यात एकच कापड न धुता ठेवलंय, ते हे."

ती गोष्ट अशी. दुकान नवं होतं तेव्हा एक नावाडी आला. समुद्रात उतरलेलं यान ओढून आणणाऱ्या परदेशी बोटीवर तो कामाला होता. त्याच्याकडे पॅराशूटचा फाटका तुकडा, दोन हात लांब, हातभर रुंद, केशरी आणि पांढरा. त्यावर जळल्याची काजळी, खाऱ्या पाण्याचे पिवळे ओघळ, कोपऱ्यात शाईने लिहिलेला नंबर आणि बोटीवरच्या पाचजणांनी पेनाने केलेल्या सह्या. नावाडी म्हणाला, "स्वच्छ करून द्या, घरात लावायचाय." काकांनी ते कापड हातात घेतलं आणि उजेडात धरलं. "हे डाग वरून आलेत," ते म्हणाले, "हे काढायचे नसतात." नावाडी त्यांच्याकडे बघतच राहिला. आठ दिवसांनी आला तो एक पत्र घेऊन. कुठलं यान, कुठला दिवस, काजळी कुठे, ओघळ कुठे, सह्या कुणाच्या, सगळं लिहिलेलं. म्हणाला, "तुमच्याकडेच राहू दे. मी ते धुवायला निघालो होतो." काकांचं वेड तिथून सुरू झालं.

ही गोष्ट काकांनी गल्लीत प्रत्येकाला सांगितली होती, काहींना चार-चारदा. बाईंचा फोनही त्यांनी त्याच दिवशी खाली सगळ्यांना ऐकवला, अगदी "झटकूसुद्धा नका" यासकट. घरात मात्र नाही. घरात काय सांगायचं? काकूंना त्यात रस नाही, हे चाळीस वर्षांपूर्वी ठरूनच गेलं होतं. काकांनी त्यांना एवढंच सांगितलं, "तो पॅराशूटचा तुकडा बघून बाकीचं घेणार आहेत. त्याच्यावर सगळं आहे."

आता काकूंबद्दल सांगायला हवं. लाँड्रीत काका गल्ल्यावर आणि इस्त्रीवर. डाग काकूंचे. शाई, गंज, रक्त, तेल, कुठलाही डाग आणा, काकू तो उजेडात धरायच्या, हुंगायच्या, बोटावर थुंकी घेऊन चाचपायच्या आणि म्हणायच्या, "परवा या." दुकान उघडताना काकांनी दोन रंगांच्या चिठ्ठ्या छापून घेतल्या होत्या. निळीवर "तयार". लालवर "डाग निघाला नाही, क्षमा असावी". धुतलेल्या कपड्याला त्यातली एक टाचणीने लावून द्यायची, ही दुकानाची रीत. निळ्या चिठ्ठ्या किती वेळा छापल्या त्याला गणती नाही. लाल चिठ्ठ्यांचा पहिला गठ्ठा दुकान बंद झालं त्या दिवशीही दोरा न सोडलेला होता. काकूंनी तो, उरल्यासुरल्या निळ्या चिठ्ठ्यांसकट, घरी आणला आणि शिवणाच्या डब्यात ठेवला. बक्षीसच म्हणा ना.

अशा बाईच्या घरात चाळीसेक वर्षं एक मळकं कापड खोक्यात पडून! सुरुवातीला त्या म्हणायच्या, "द्या इकडे, दोन दिवसांत लख्ख करते." काका म्हणायचे, "राहू दे गं." का राहू दे, ते एकदाही नाही. काकूंनी मनाशी समजूत करून घेतली की कापड जुनं, विरलेलं, यांना माझ्या हाताचा भरवसा नाही. ते कुठेतरी त्यांना लागलं होतं.

बाईंनी त्या पत्राबद्दल नावाड्याच्या घरच्यांची सही असलेला कागद मागितला होता. नावाडी वारला होता, बायको होती, पण एस.टी.ने दिवसभराच्या वाटेवर. काका दोन दिवसांसाठी गेले. शेजारी नवीनच राहायला आलेली बाई काकूंकडे येऊन-जाऊन होती, जड काही असलं तर उचलून देत होती.

परत आले ते रात्री थकून, कागद घेऊन. सकाळी बघतात तो काकूंनी सगळं बांधून ठेवलेलं. खोके ओळीत, आणि पॅराशूटचं पार्सल तर थेट दुकानातल्यासारखं, तपकिरी कागद, दोरी, वर ती जुनी दुहेरी गाठ. काकूंची बोटं लालसर सुजली होती. चेहरा मात्र कसा, नव्या नवरीचाही नसेल!

"सोडून बघत बसू नका आता," त्या म्हणाल्या. "नीट बांधलंय. तिथेच उघडा."

घरात साबणाचा वास होता. काकांना तो आला. पण चाळीस वर्षं ज्या वासात माणूस राहिला तो वास त्याला काय खटकणार! उलट बरंच वाटलं.

लिलावाच्या कचेरीत लांबलचक टेबल होतं, वर पांढरा दिवा. बाईंनी सुती हातमोजे घातले. पत्र वाचलं, कागद वाचला, मान हलवली. मग म्हणाल्या, "उघडा, काका. मान तुमचा."

काकांनी दुहेरी गाठ सोडली. आधी दिसली निळी चिठ्ठी. तयार.

मग कापड. केशरी रंग झेंडूसारखा. पांढरा, जणू काल विणलेला. काजळी नाही. ओघळ नाहीत. कोपऱ्यात नंबर नाही, सह्यांच्या जागी नुसतं कापड, आणि सगळ्यावर काकूंची घडी, कडेला कड. काकांनी इतक्या वर्षांच्या सवयीने ते उजेडात धरलं. एक धागा ओढला गेला नव्हता. केशरी पांढऱ्यात उतरला नव्हता. समुद्र, आग आणि शाई, तिन्ही एका कापडातून, गुडघे गेलेल्या बाईने, दोन बादल्यांत, बसल्या जागी! असं काम त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं. आणि ओरडावं की रडावं हे त्यांना कळेना.

बाई भिंग घेऊन वाकल्या. कोपरे एकेक करून तपासले.

"काका, पत्रात लिहिलंय ते कापड हे नाही."

"हेच आहे हो!"

"मला ठाऊक आहे. फोटो मी बघितलेत. पण घेणाऱ्याला मी काय दाखवू? कुणीही म्हणेल, जुने फोटो दाखवून नवं कापड विकताय. लोक कापडाचे पैसे देत नाहीत, काका. त्या काजळीचे देतात."

"आणि बाकीचं?"

बाईंनी अवघडून आकडा सांगितला. डिपॉझिटच्या चौथाईलाही तो पुरत नव्हता.

"धुतलं कुणी?" त्यांनी हळूच विचारलं.

"मीच," काका म्हणाले. "सवय. जात नाही."

बाईंनी टॅक्सी करून दिली, तेवढी माणुसकी दाखवली. टॅक्सीत खोके मांडीवर आणि पायाशी घेऊन काका बसले होते. पहिल्यांदा राग आला. विचारायचं नाही? इतक्या वर्षांत एकदा तरी विचारायचं! मग त्यांना आठवलं की तिने विचारलं होतं. दरवेळी आपणच राहू दे म्हणालो. नाक्यावरच्या पानवाल्याला सांगितलं, पोस्टमनला सांगितलं, केस कापता कापता न्हाव्याला सांगितलं. फक्त जिच्या हातून डाग जायचे तिला सांगायचं राहिलं. काकांनी टॅक्सीत स्वतःच्या तोंडात मारून घेतली. ड्रायव्हरने आरशातून बघितलं आणि नजर फिरवली.

सांगायचं का तिला? खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुझ्या हातून आजवरचा सगळ्यांत अवघड डाग निघाला, आणि त्याच्याबरोबर अंगण गेलं, नळ गेला, चार दोऱ्या गेल्या? की आता तू वरच, मरेपर्यंत, आणि ते तुझ्याच हाताने? काका तिला ओळखून होते. ती रडली नसती. शिवणाच्या डब्यातून लाल चिठ्ठी काढली असती आणि उशाशी ठेवली असती. हे त्यांच्याने बघवलं नसतं. टॅक्सी गल्लीत वळेपर्यंत त्यांचं ठरलं, आणि चार महिन्यांत पहिल्यांदाच एखादी गोष्ट त्यांनी झटक्यात ठरवली.

चार मजले खोके चढवायला तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेलाच काकूंनी खोके पाहिले. त्यांनी केस विंचरून घेतले होते. पलंगावर शेजारी एक कापडी पिशवी होती, तोंडाशी नाडी बांधलेली. आत कपड्यांचे चिमटे.

तिसऱ्या खेपेनंतर काका खुर्चीत बसले. दम लागला होता, ते बरंच झालं.

"माझी चिठ्ठी बघितली का त्यांनी?" काकूंनी विचारलं.

"बघितली. म्हणाल्या, असं काम आम्ही पाहिलं नाही."

"मग?" काकूंना हसू आवरेना. "तुम्ही उगाच घाबरत होता. दोन दिवस लागले, पण काजळीला आधी तेल लावलं, मग..." त्या थांबल्या. "मग हे सगळं परत का आणलंत?"

"मी नाही विकलं."

"म्हणजे? भाव नाही आला?"

"आला. सांगितला होता तेवढाच." काकांनी जमिनीकडे बघत सांगितलं. "मलाच जमलं नाही. द्यायची वेळ आली आणि... मन होईना."

खाली शिवणक्लासचं सामान हलत होतं. मशिनी फरशीवरून ओढल्याचा आवाज चौथ्या मजल्यापर्यंत येत होता. काकू तो ऐकत राहिल्या.

"अकरा महिने झाले हो," त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. चढला असता तर काकांना सोसलं असतं.

"माहीत आहे."

"मी कधी काही मागितलं नाही तुमच्याकडे."

"नाही मागितलंस."

"त्यांना फोन करा मग. घरमालकांना. लोकांना ताटकळत ठेवू नये."

काकांनी काकूंसमोरच फोन लावला. "खोली दुसऱ्याला द्या," एवढंच म्हणाले. घरमालक पलीकडून काहीतरी चांगलं बोलत होता, ते ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. काकूंनी पिशवीची नाडी सोडली, आतल्या चिमट्यांकडे बघितलं आणि पुन्हा बांधली. काकांनी हात पुढे केला तर काकूंनी आपला आवरून घेतला. पंचेचाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

संध्याकाळी चहा झाल्यावर त्या आपण होऊन बोलल्या.

"तो तुकडा खोक्यात नका ठेवू. भिंतीला लावा. इथे, माझ्या समोर."

"कशाला गं?"

"एवढा माझ्यापेक्षा लाडका आहे तर दिसू दे तरी. मला दुसरं बघायला आहे काय?"

काकांनी हातोडी आणली. चार खिळे मारले, कड सरळ आहे ना ते दोनदा मागे येऊन बघितलं. केशरी आणि पांढरं कापड भिंतीवर ताठ उभं राहिलं. निळी चिठ्ठी काढायला ते विसरले होते, ती कोपऱ्यात तशीच राहिली.

काकू पलंगावरून बघत होत्या. काकांची लाडकी वस्तू म्हणून त्या तिच्याकडे पहिल्यांदाच धड बघत होत्या, वरपासून खालपर्यंत, उजेडात कापड धरल्यासारख्या. रागावलेल्या होत्या, पण नजर हळूहळू कामाची झाली.

"कोपऱ्यातली शाई फार चिवट होती," त्या म्हणाल्या. "पण निघाली. नाही का हो?"

काकांची पाठ त्यांच्याकडे होती. हातोडी त्यांनी तशीच धरून ठेवली.

"निघाली," ते म्हणाले. "मागमूसही नाही राहिला."